मुंबईचं बंदर अन् उंच इमारतींची रांग कुठून पाहाची? आपल्या विदर्भातून जाणाऱ्यांसाठी सविस्तर

आपल्या इकडून मुंबईला जाणारा माणूस निव्वळ फिरायला म्हणून क्वचितच जाते. कोणाचं मंत्रालयात काम अडकून असते, कोणाचा पेशंट परळच्या टाटा हॉस्पिटलमधे असते, कोणी सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाते, कोणाचं पोट्टं तिकडे नोकरीवर लागलं म्हणून माय-बाप पाहून येतात. मंग त्यातून अर्धा दिवस हाती उरते, कोणीतरी म्हणते "चला, समुद्र तरी पाहून घेऊ", अन् सगळे गेटवे ऑफ इंडियाला जाऊन कबुतरांमधे फोटो काढून वापस. बंदर पाहिलंच नाही, उंच इमारतींची रांग पाहिलीच नाही, समुद्रही पाहिला तो अर्धाच.

हे सगळं फुकटात, नाहीतर फार तर काहीशे रुपयांत व्यवस्थित पाहता येते. कोणत्या बाजूला कोणत्या टायमाला उभं राहाचं एवढं समजलं पाहिजे, तेच इथं लिहून राहिलो. पोस्ट लांब आहे, पण गावातल्या कोणाला जायचं असन तर त्याला पाठवून द्या.

आधी दिशा समजून घ्या

मुंबई शहर म्हणजे उत्तर-दक्षिण लांबट पट्टी आहे. तिच्या पश्चिमेला उघडा अरबी समुद्र, तिकडे मरीन ड्राइव्ह, हाजी अली, वरळी, दादर, वांद्रे. पूर्वेला मुंबई अन् समोरचा रायगड जिल्हा यांच्या मधात जे पाणी आहे ते बंदर. जहाजं, गोद्या, नौदल, तेलाच्या टाक्या, मालाच्या क्रेन सगळं पूर्वेला. गेटवेसुद्धा पूर्वेलाच आहे, तरी गंज लोक तिथं संध्याकाळी सूर्यास्त पाहाले जाऊन उभे राहतात, अन् सूर्य तिकडे ताज हॉटेलच्या मागे बुडून जाते.

म्हणून नियम सोपा ठेवा, सकाळी पूर्व अन् संध्याकाळी पश्चिम. याचं कारण फक्त सूर्योदय-सूर्यास्ताचं नाही. सकाळी लाँचमधे बसून तुम्ही बंदरात गेले की ऊन तुमच्या पाठीकडून येते अन् शहराच्या तोंडावर पडते, गेटवे, ताज, मागच्या इमारती सगळं स्वच्छ उजळून निघते. तेच तुम्ही दुपारी चारला गेले तर सूर्य शहराच्या मागे, सगळ्या इमारती काळ्या अन् फोटोत नुसती चकाकी. मरीन ड्राइव्हचं बरोबर उलटं, तिथल्या इमारतींच्या तोंडावर ऊन दुपारनंतर येते.

अजून एक, आपल्या घड्याळावर जाऊ नका. मुंबई आपल्या बरीच पश्चिमेला आहे, नागपूरच्या मानानं तिथं सूर्य अंदाजे पंचवीस मिनिटं उशिरा उगवते अन् तेवढाच उशिरा मावळते. बुलडाण्यावाल्यांना फरक कमी, गोंदिया-गडचिरोलीवाल्यांना जास्त. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आसपास, मे-जूनमधे सात वाजून दहा-वीस मिनिटं.

भरती-ओहोटीचं गणित

आपल्याकडे नदीला पूर येते अन् उतरते, समुद्राचं पाणी दर दिवशी दोनदा चढते अन् दोनदा उतरते ही गोष्ट ऐकून माहीत असते पण प्लॅन करताना ध्यानातच येत नाही. एका भरतीपासून पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. म्हणजे आजची सकाळची भरती दहाला असन तर उद्याची पाऊण-एक तास उशिरा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढते अन् जास्त उतरते, त्याला उधाण म्हणतात.

आता याचा उपयोग काय? मरीन ड्राइव्ह, वरळी, वांद्रे भरतीला चांगलं दिसते, पाणी भिंतीला येऊन भिडते. ओहोटीला तिथं खडक अन् कचरा उघडा पडते. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते. शिवडीला तर पूर्ण खेळच भरतीचा आहे, ते पुढं सांगतो. मोबाईलवर मुंबईच्या भरतीचा टाइम टाकला की लगेच येते, निघाच्या आधल्या रात्री पाहून घ्या, दोन मिनिटाचं काम आहे.

कोणत्या महिन्यात

सगळ्यात स्वच्छ हवा पाऊस संपल्यावर, सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. वांधा असा की तेव्हा आपल्याकडे सोयाबीन काढणी अन् कापसाची पहिली वेचणी, मजूर भेटत नाही, घरचा माणूस हलू शकत नाही. डिसेंबर-जानेवारीत हवा थंड असते पण मुंबईत सकाळी धुरकं भल्लं राहते, समोरची जहाजं पुसट दिसतात, हवेत फरक पडाले कधी कधी दहा-साडेदहा वाजतात. शेतकऱ्याच्या दृष्टीनं मला फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा पहिला पंधरवडा बरा वाटते, तूर निघालेली असते, ऊन अजून सोसवते, अन् शिवडीला रोहित पक्षी असतात. पावसाळ्यात मरीन ड्राइव्हच्या लाटा पाहाले मजा येते, पण गेटवेवरून मांडव्याच्या (अलिबागकडच्या धक्क्याच्या) लाँचा पावसाळ्याचे तीन महिने बंदच राहतात अन् घारापुरीच्या, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटाच्या, लाँचा समुद्र कसा आहे त्यावर अवलंबून, त्यामुळे बंदर पाण्यातून पाहाचं असन तर जून ते ऑगस्ट सोडाच.

जायचं कसं

गोंदिया, भंडारा, नागपूर, वर्धा, धामणगाव, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव, मलकापूर या पट्ट्यातल्या लोकांना विदर्भ एक्सप्रेस. अमरावतीवाल्यांना अमरावती एक्सप्रेस. नागपूरहून दुरांतो, पण ती मधात जास्त थांबत नाही. या तिन्ही रात्रभर चालून सकाळी सीएसएमटीला सोडतात, अन् आपल्याला तेच पाहिजे, कारण सीएसएमटी ते गेटवे चालत गेलं तरी अर्धा तास. चंद्रपूर-गडचिरोलीवाल्यांना नागपूर किंवा वर्ध्याला येऊन गाडी पकडणं सोपं जाते. तुमची गाडी कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला संपत असन तर बाहेर निघून टिळकनगर स्टेशन गाठा, तिथून हार्बरची लोकल थेट शिवडी, कॉटन ग्रीन, डॉकयार्ड रोडवरून सीएसएमटीला जाते.

सामान सीएसएमटीच्या क्लॉकरूममधे ठेवता येते, पण बॅगेला कुलूप पाहिजे, पोतडी किंवा चेन तुटलेली बॅग घेत नाहीत. घरून निघतानाच एक छोटं कुलूप टाकून ठेवा, नाईतर स्टेशनबाहेर चढ्या भावानं घ्यावं लागते.

गाडीनं जाणाऱ्यांसाठी समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ पासून नागपूर ते भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण चालू आहे. पण माझं ऐकाल तर गाडी ठाण्याला किंवा कल्याणला नातेवाइकाकडे लावा अन् पुढं लोकलनं जा. दक्षिण मुंबईत पार्किंग शोधता शोधता तुमचा सूर्यास्त निघून जाईन.

सकाळ: बंदर पाण्यातून

ही या लेखातली मुख्य गोष्ट आहे. बंदर काठावरून नीट दिसत नाही, कारण मुंबईचा पूर्व किनारा जवळपास सगळा गोदी, नौदल अन् पोर्टच्या कंपाउंडमागे आहे. पाण्यात गेल्याशिवाय इलाज नाही.

सोपा मार्ग म्हणजे गेटवेवरून घारापुरीची लाँच. सोमवारी लेण्या बंद असतात, तो वार टाळा. पहिली लाँच नऊच्या आसपास सुटते, जायला एक तास. तिकीट जाणं-येणं मिळून अडीचशे-तीनशेच्या घरात, दर बदलत राहतात, खिडकीवरच्या बोर्डावर पाहा अन् मधातल्या दलालाकडून घेऊ नका. गेटवे थोडं पाहून घ्या, १९२४ मधे पूर्ण झालेलं आहे, समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, बाजूचं ताज तर गेटवेच्याही आधीचं, १९०३ चं.

लाँचमधे चढतानाची गंमत आधीच माहीत असू द्या. धक्क्याला एकाला लागून एक अशा दोन-तीन लाँचा बांधलेल्या राहतात, तुमची लाँच सगळ्यात बाहेरची असन तर पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं ओलांडत जावं लागते. मधात पाणी हलत राहते, लाँचची कड वर-खाली होते. लाँचवाला पोट्टा हात देते, त्याचा हात धरा, मोबाईल खिशात टाका, अन् लाँच वर येईन तेव्हा पाय टाका. साडी नेसलेल्या बायांनी पदर-निऱ्या आधीच खोचून घ्याव्या. म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याचा त्रास असन तर हे जमत नाही, त्यांच्यासाठी पुढं दुसरा मार्ग सांगितला आहे.

बसताना वरचा डेक मागून घ्या. वर बसाचे दहा-वीस रुपये वेगळे घेतात, द्या, पूर्ण पैसे वसूल आहेत. अन् जाताना सगळे पुढं तोंड करून बसतात, तुम्ही मागच्या टोकाला बसा. शहर मागे राहून राहिलं असते ना. लाँच सुटली की पहिले पाच-दहा मिनिटं गेटवे अन् ताज एका चौकटीत, मंग ते लहान होत जातात अन् मागून कुलाबा, फोर्ट, त्याच्या मागं मध्य मुंबईतले उंच टॉवर एकेक करून वर येतात. डिझेलचा धूर, खारट वारा, पाण्याचा रंग निळा-बिळा काही नाही, मटमैला. पांढरे समुद्रपक्षी लाँचच्या बरोबरीनं उडत येतात अन् लोक त्यांना कुरकुरे फेकतात, ते करू नका, पक्ष्यांना अपाय होते.

आता काय काय दिसते ते सांगतो. जाताना उत्तरेला, म्हणजे लाँचच्या डाव्या अंगाला, नौदलाची गोदी अन् राखाडी युद्धनौका. तिकडे कॅमेरा धरू नका, मनाई आहे. त्याच्या पुढं इंदिरा गोदीच्या क्रेन. समोर जवाहर द्वीप, तिथं तेलाची जहाजं लागतात, टाक्या लांबूनच दिसतात. उजवीकडे उघडा समुद्र अन् नांगर टाकून आपल्या नंबराची वाट पाहणारी मालवाहू जहाजं. काही जहाजं पाण्यात खोल रुतल्यासारखी तर काही वर उचलल्यासारखी दिसतात, भरलेलं जहाज खाली बसते अन् रिकामं वर येते, पोट्ट्यांना हे दाखवा. घारापुरीच्या मागे न्हावाशेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर, १९८९ मधे सुरू झालेलं, त्याच्या कंटेनर उचलाच्या क्रेन एका ओळीत उभ्या. आपल्या नागपूरजवळून कंटेनर रेल्वेनं जातात ते गंज करून इथंच.

घारापुरीला उतरल्यावर पायऱ्या चढून लेण्या, त्रिमूर्ती पाहाच, १९८७ पासून जागतिक वारसा आहे. पण बंदर पाहाले आलेल्या माणसानं तिथंच थांबू नये, लेण्यांच्याही वर डोंगराच्या माथ्यावर जुन्या दोन तोफा आहेत, तिथं जा. वरून न्हावाशेवाच्या क्रेन, अटल सेतू (शिवडीहून नवी मुंबईकडे जाणारा समुद्रावरचा पूल), नांगरलेली जहाजं सगळं एका नजरेत. वाटेतले माकडं हातातली पिशवी सोडत नाहीत, खाणं बॅगेच्या आत ठेवा. बेटावर खाणं महाग पडते, चिवडा-पोळी घरूनच न्या. शेवटची लाँच साडेपाचच्या सुमारास, पण तुम्हाला संध्याकाळी पश्चिमेला जायचं आहे म्हणून दोन-अडीचलाच वापस फिरा.

लाइफ जॅकेटबद्दल एक सांगतो, गंमत समजू नका. १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाची एक स्पीडबोट ताबा सुटून याच मार्गावरच्या प्रवासी लाँचवर आदळली, माणसं गेली. गरम होते म्हणून जॅकेट काढून मांडीवर ठेवणारे लोक पाहतो आपण. घालून ठेवा, लहान पोरांचं तर स्वतः बांधून द्या.

म्हाताऱ्यांसाठी, किंवा ज्यांना लेण्या नको फक्त बंदर पाहिजे त्यांच्यासाठी, भाऊचा धक्का. डॉकयार्ड रोड स्टेशनवरून टॅक्सीनं जवळ आहे. इथून मांडव्याला रो-रो जाते, २०२० पासून चालू आहे, गाड्याही आत घेते. जहाज मोठं, हलणं कमी, लाँचांसारखी उडी मारावी लागत नाही, वरच्या डेकवरून पूर्ण गोदीची बाजू पाहत एक तासात मांडवा. लाँचपेक्षा महाग आहे. त्याच धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदराची साधी लाँचही भेटते, ती रोजच्या जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांची, स्वस्त, अन् मासोळीच्या पाट्या-टोपल्यांसोबत बसाची तयारी असन तर मला तीच सगळ्यात जास्त आवडते. फक्त मोऱ्याला गाळ आहे, मोठ्या ओहोटीला लाँच बंद ठेवतात, म्हणून परतीचा टाइम आधी विचारून घ्या.

पाण्यात जायचंच नसन तर

डॉकयार्ड रोड स्टेशनच्या अगदी वर, माझगावच्या टेकडीवर, जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. काका बाप्टिस्टा टिळकांचे सहकारी होते, १९२५ मधे मुंबईचे महापौर झाले. कोणी पर्यटक तिथं जात नाही, आसपासचे म्हातारे सकाळी चकरा मारतात. काठावरून खाली रेल्वे लाइन, तिच्या पलीकडे गोद्या, माझगाव डॉक, जहाजं. फुकट आहे अन् सावली आहे. सकाळी जा, दुपारी कुलूप असू शकते.

दुसरं, हार्बर लाइनची लोकल हीच एक चालती खिडकी आहे. सीएसएमटीहून पनवेल-वाशीकडे जाणाऱ्या गाडीत उजव्या हाताची खिडकी धरा, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी या स्टेशनांपर्यंत गोदामं, गोदीच्या भिंती, मधातच जहाजाचा टोकाचा भाग दिसत राहते. पुढं मानखुर्द सोडलं की वाशीच्या खाडीवरचा पूल. सकाळी नऊच्या आधी किंवा दुपारी जा, गर्दीच्या टायमाला खिडकी सोडा, पाय ठेवाले जागा भेटत नाही.

कॉटन ग्रीनला कापूस बाजाराची जुनी इमारत अजून उभी आहे. वऱ्हाडातल्या माणसानं ती बाहेरून का होईना पाहावी असं मला वाटते. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना भेटेना, तेव्हा आपल्या वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. रेल्वे १८६७ मधे नागपुरापर्यंत पोचली, खामगाव-अमरावतीच्या बाजारपेठांना फाटे जोडले, अन् तो कापूस याच किनाऱ्यावरून जहाजात चढला. ससून डॉक १८७५ चं, तेही त्याच कापसाच्या दिवसांतलं, आज तिथं मासोळी बाजार आहे. पहाटे पाच-सहाला गेलं तर होड्या खाली होताना दिसतात, कोळणी ओळीनं बसून एवढ्या झपाझप कोळंबी सोलतात की नजर ठरत नाही. वास सहन होत असन तरच जा, अन् विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नका, चांगलंच ऐकवतात.

टाटा हॉस्पिटलला आलेल्यांसाठी

पेशंटसोबत आठ-आठ दिवस राहणारे आपले गंज लोक परळच्या आसपास असतात. दोन तास मोकळे भेटले तर शिवडी जवळ आहे, टॅक्सीनं थोडक्यात होते. शिवडी स्टेशनच्या पूर्वेला ट्रक अन् कंटेनरच्या धुळीतून जेट्टीकडे जा. ओहोटीला समोर मैलभर चिखल, आपल्या भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत चिखलणी झाल्यावर दिसते तसा, अन् त्यात नोव्हेंबर ते मे गुलाबी रोहित पक्षी माना खाली घालून चरत असतात. ऐन भरतीला चिखल बुडते अन् पक्षी उडून जातात, ऐन ओहोटीला फार लांब जातात, म्हणून भरतीच्या दोन-तीन तास आधी किंवा नंतरचा टाइम धरा, तेव्हा ते जेट्टीजवळ सरकतात. मागे अटल सेतू सरळ समुद्रात जाताना दिसते. जेट्टीवर जुन्या लाकडी होड्यांची दुरुस्ती चालते, फळ्यांच्या फटीत कापूस ठोकून भरतात. जवळच शिवडीचा किल्ला, थोड्या पायऱ्या आहेत, वरून हे सगळं एकत्र दिसते. एकटं-दुकटं अंधार पडल्यावर थांबू नका, तिकडे वर्दळ कमी होते.

अटल सेतूवरून जायचा विचार असन तर, २१.८ किलोमीटर आहे, त्यातले साडेसोळा पाण्यावर, १२ जानेवारी २०२४ ला उघडला. थांबाले सक्त मनाई, सेल्फीसाठी उतरलेल्यांवर केसेस झाल्या आहेत. मोटारसायकल अन् ऑटो चालत नाही. काही किलोमीटर तर अणुसंशोधन केंद्राच्या बाजूला उंच पडदे लावले आहेत, तिकडून काहीच दिसत नाही. पनवेल-अलिबागकडे जायचंच असन तर ठीक, निव्वळ देखावा पाहाले टोल भरून जाऊ नका.

संध्याकाळ: पश्चिमेकडे

मंत्रालयात काम असणाऱ्यांचं नशीब चांगलं. सामान्य माणसाला आत सहसा दुपारीच सोडतात, म्हणजे सकाळ बंदराला मोकळी, अन् साहेब भेटो न भेटो, पाचला बाहेर निघालं की नरिमन पॉइंट दहा-पंधरा मिनिटं चालत. सीएसएमटीहून येणाऱ्यांसाठी एसी डबलडेकर बस एनसीपीएकडे (नरिमन पॉइंटच्या टोकाचं नाट्यगृह) जाते, नंबर ११५, वरच्या मजल्यावर पुढची सीट भेटली तर पोट्टे खूश.

मरीन ड्राइव्ह साडेतीन किलोमीटरच्या वर आहे, कमानीसारखा वळलेला, एका टोकाला नरिमन पॉइंट, दुसऱ्या टोकाला गिरगाव चौपाटी अन् तिच्या डोक्यावर मलबार हिल. लोक चौपाटीवर सूर्यास्त पाहाले बसतात, पण तिथून सूर्य मलबार हिलच्या झाडा-इमारतींमागे जाते. पाण्यात बुडताना पाहाचा असन तर नरिमन पॉइंटच्या टोकाला बसा. खाली सिमेंटचे तीन-चार पायांचे भले मोठे ठोकळे टाकले आहेत लाटा अडवाले, त्यावर उतरू नका, शेवाळानं निसरडे असतात अन् मधल्या फटीत माणूस गेला की काढणं कठीण. पावसाळ्यात साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस महानगरपालिका आधीच जाहीर करते, त्या दिवशी रस्त्याच्या आतल्या बाजूनं चाला.

सूर्य बुडाला की लगेच उठू नका, ही चूक सगळे करतात. खरा देखावा त्याच्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत, आभाळ अजून गडद निळं असते अन् रस्त्यावरचे दिवे, इमारतींचे दिवे लागलेले असतात. पूर्ण काळोख झाला की फोटोत नुसते दिवे उरतात. मोबाईलची काच ओढणीनं किंवा मऊ कपड्यानं पुसून घ्या, खाऱ्या वाऱ्यानं तिच्यावर चिकट थर बसते, फोटो धुरकट येतात अन् आपण मोबाईलला शिव्या देतो. कठड्यावर मोबाईल टेकवून काढा.

हीच कमान वरून पाहाची तर मलबार हिल. कमला नेहरू पार्क, तोच म्हातारीचा बूट असलेला, तिथून पूर्ण मरीन ड्राइव्ह खाली दिसते, जरी झाडं वाढल्यानं आता पहिल्यासारखं मोकळं राहिलं नाही. मागच्या उतारावर मार्च २०२५ पासून झाडांमधून लाकडी उंच वाट केली आहे, ४८५ मीटर लांब, शेवटी काचेच्या तळाची गॅलरी, तिथून चौपाटी अन् समुद्र. तिकीट भारतीयांना २५ रुपये, पण ऑनलाइन टाइम बुक करून जावं लागते, सुटीच्या दिवशी जागा लवकर भरतात. दुपारी चार ते साडेपाच हा तिथला टाइम, कारण तेव्हा ऊन समोरच्या नरिमन पॉइंटच्या इमारतींवर पडते. वर ते पाहून, मंग उतरून सूर्यास्ताला खाली. दोन्ही एका संध्याकाळी जमते, फक्त टॅक्सी करा, चढ चालत गेले तर दमून जाल.

चैत्यभूमीवर येणाऱ्यांनी लांब जायची गरजच नाही. तिथंच दादर चौपाटीला माता रमाबाई आंबेडकर स्मृती व्ह्यूइंग डेक आहे, २०२२ पासून, फुकट. समोर वांद्रे-वरळी सी लिंकच्या तारा, डावीकडे वरळीचे टॉवर, अन् सूर्य थेट पाण्यावर. सहा डिसेंबरला मात्र डेकवर जायचा आग्रह धरू नका, त्या दिवशी लाखो लोक असतात, लहान पोरं सोबत असतील तर एक दिवस आधी नाहीतर नंतर जा.

सी लिंक जवळून पाहाचा तर वांद्र्याचा किल्ला, पोर्तुगीजांनी १६४० मधे बांधलेला, बुरुजाच्या खालून समुद्र अन् पूल, पलीकडे वरळी. वरळी कोळीवाड्याच्या गल्ल्यांतून वरळी किल्ल्यावरही जाता येते, उलट्या बाजूचा देखावा. लोकांच्या दारासमोरून वाट आहे, गोंगाट न करता जा. कोस्टल रोडच्या बाजूचा फिरायचा पट्टा ऑगस्ट २०२५ पासून उघडला, मोठा, मोकळा, पण झाडं लहान आहेत म्हणून उन्हात नको.

वरळी, लोअर परळकडचे ते उंच टॉवर पाहताना एवढं माहीत असू द्या की त्यातले गंज टॉवर कापड गिरण्यांच्या जमिनीवर उभे आहेत. १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनी विकल्या गेल्या. मधात कुठंतरी जुनी चिमणी तशीच ठेवलेली दिसते.

ड्रोन घेऊन जाऊ नका, परवानगीशिवाय मुंबईत चालत नाही, जप्त होते.

परतीची गाडी

सगळ्यात जास्त गडबड इथं होते. विदर्भ एक्सप्रेस सीएसएमटीहून संध्याकाळी सातच्या आसपास निघते. म्हणजे त्याच दिवशी तिनं वापस येणार असाल तर सूर्यास्त अन् नंतरचे दिवे विसरा, खास करून उन्हाळ्यात. अमरावती एक्सप्रेस अन् दुरांतो आठच्या पुढं-मागं, त्यांनी जाणाऱ्यांना हिवाळ्यात सूर्यास्तही भेटते अन् दिवेही. नरिमन पॉइंटवरून पावणेसातला उठा, चर्चगेटवरून सीएसएमटीला टॅक्सी किंवा बस, नाहीतर सरळ चालत वीस-पंचवीस मिनिटं, अन् क्लॉकरूमच्या रांगेसाठी अर्धा तास वेगळा धरा, त्या टायमाला सगळे बाहेरगावचे लोक एकदमच सामान घ्याले येतात. टाइमटेबल बदलते, तिकीट काढताना पाहूनच घ्या.